पत्त्याएवढ्या कागदावर दोन रविवार: गावभागातल्या छोट्या चित्रांच्या क्लासचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी काही आर्टिस्ट बिर्टिस्ट नाही. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली, इंटरमिजिएटला बी ग्रेड, ते सर्टिफिकेट आईनं लॅमिनेट करून ठेवलंय तेवढीच काय ती पुण्याई. मग लग्न, पतसंस्थेत कॅशियरची नोकरी आणि मुलांच्या प्रोजेक्टला लागतील तशी चित्रं. चारेक वर्षांपूर्वी झटका आला म्हणून दोन बाय तीन फुटाचा कॅनव्हास आणला, कृष्णाकाठचा अख्खा घाट काढणार होते, देवळं, पायऱ्या, होड्या, माणसं, सगळं. त्यावर अजून नुसतं आभाळ आहे. कॅनव्हास कपाटामागं उभा असतो, दर दिवाळीला साफसफाईत बाहेर येतो, पुसला जातो, परत आत जातो. नवरा म्हणतो, आभाळ छान जमलंय हं.

तर जाऊबाईंनी मेसेज फॉरवर्ड केला की सांगलीच्या गावभागात एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर घरीच माडीवर क्लास घेतात, दोन रविवार, सकाळी १० ते १, विषय काय तर खिशात मावतील एवढी चित्रं. फी १८०० रुपये आणि किटचे ३५० वेगळे. मी आधी हसलेच, म्हणलं एवढ्याशा चित्राचे एवढे पैसे, मग मोठ्याचे किती घेतील. पण डिसेंबरात क्लोजिंगची गडबड सुरू व्हायच्या आधी दोन रविवार रिकामे होते आणि घरात बसून डबे घासण्यापेक्षा बरं म्हणून गेले. सरांचं नाव, नंबर इथं टाकत नाही, त्यांना ते आवडणार नाही, दाराला पाटीसुद्धा लावलेली नाही. गावभागात चौकशी केली तर कुणीपण दाखवतं.

गाडी मात्र नेऊ नका, अजिबात नेऊ नका. बोळ एवढा अरुंद की समोरून भाजीची हातगाडी आली तर आपण कुणाच्यातरी ओसरीवर चढायचं. मी स्कूटी लांब लावून चालत गेले आणि तरी दहा मिनिटं आधी पोचले तर सर जिन्यातच उभे, पहिलं वाक्य काय तर "ताई, स्वेटर खाली काढून ठेवा." मला कळेना. वर गेल्यावर सांगितलं, लोकरीचे तंतू पडतात. इंग्लंडात सोळाव्या शतकात निकोलस हिलियर्ड म्हणून राजघराण्याची एवढीएवढीशी पोर्ट्रेट काढणारा चित्रकार होता, चामड्याचा पातळ कागद खेळायच्या पत्त्याला चिकटवून त्यावर काढायचा, आणि त्यानं लिहून ठेवलंय की काम करताना रेशमी कपडे घाला, त्याचे धागे झडत नाहीत. मी मनात म्हणलं, काय पण थाट. दुसऱ्या रविवारी माझ्या शालीचा एक केस ओल्या रंगात पडला तेव्हा समजलं. मोठ्या चित्रात तो केस कुणाला दिसला पण नसता. इथं आकाशात अजगर आडवा पडल्यासारखा दिसत होता.

आम्ही सहाजण होतो. मी, सराफ कट्ट्यावर दुकान असलेले एक आण्णा, मिरजेच्या एक डेंटिस्ट मॅडम, इंजिनियरिंगच्या दोन पोरी आणि एक अकरा वर्षांचा मुलगा, त्याची आई खाली सरांच्या मिसेसबरोबर गप्पा मारत बसलेली. आता या सहातली निम्मी मंडळी धंद्यानंच बारीक काम करणारी. आण्णा डोक्याला लावायचं भिंग घेऊन आलेले, डॉक्टरबाईंचा स्वतःचा लूप, आणि माझ्याकडं काय तर चाळिशी, पावणेदोन नंबर. किटमध्ये प्लॅस्टिकचं भिंग देतात ते तुम्हाला आत्ताच सांगते, टाकाऊ आहे, मधोमध ठीक पण कडेला रेषा वाकडी दिसते, मी अर्धा तास माझीच रेषा वाकडी समजून खोडत बसले होते.

पहिला तास नुसत्या रेषा. एक इंच बाय एक इंचाचा चौकोन आणि त्यात ब्रशनं उभ्या रेषा मारायच्या, एकमेकींना चिकटल्या नाही पाहिजेत, किती बसतात बघायचं. सर म्हणाले ५० बसल्या पाहिजेत. माझ्या १७ बसल्या. पोराच्या २६. आण्णांच्या ४१, आणि वर म्हणतात आज हात जरा जड आहे. पेन नाही चालणार, माझ्याकडं मायक्रॉनचं ००५ होतं, जे ०.२० मिलिमीटरची रेषा मारतं, मी हळूच काढलं तर सर म्हणाले ते पुढच्या रविवारी, आज हाताला कळू दे.

आणि मग हाताला कळतं म्हणजे काय ते हळूहळू ध्यानात आलं. मनगट हलवायचंच नाही, करंगळी कागदावर रोवायची आणि फक्त बोटांची पेरं हलवायची. जमिनीवर मांडी घालून, गुडघा उभा करून त्यावर फळी, तशी जुन्या चित्रकारांची बैठक. माझा गुडघा १५ मिनिटांत बोलायला लागला मग मला खुर्ची दिली. रेषा मारताना आपण श्वास धरतो हे मला माहीतच नव्हतं, सर मागून येऊन म्हणाले, "श्वास घ्या की ताई, चित्र मेलं तर दुसरं काढू." सगळे हसले. तेवढ्यात एका पोरीला शिंक आली तर सरांनी विलार्ड विगनचा किस्सा सांगितला, इंग्लंडातलेच, सुईच्या नेढ्यात बसतील एवढे पुतळे करतात, दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत हात हलवतात कारण नाडीचा ठोकासुद्धा बोटात येतो, आणि एकदा त्यांनी केलेली एक मूर्ती त्यांच्याच श्वासाबरोबर आत गेली. अकरा वर्षांच्या पोरानं विचारलं, मग बाहेर कशी आली. यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

ब्रशचं जरा सविस्तर लिहिते कारण पैसे तिथंच जातात. किटमध्ये ट्रिपल झिरोचा सिंथेटिक ब्रश देतात. बघायला एकदम नाजूक, वाटतं आता यानं मुंगीचे डोळे काढू. पण त्याला पोट नसतं, पाणी धरत नाही, रंग टोकावर येईपर्यंत वाळतो, दर दोन रेषांना बुडवायचा, आणि पहिला रविवार संपेपर्यंत माझ्या ब्रशचं टोक हुकासारखं वळलेलं. सर स्वतः काय वापरतात तर १ नंबरचा सेबल, म्हणजे प्राण्याच्या केसांचा ब्रश, माझ्या ब्रशपेक्षा दुप्पट जाड. पण ओला करून झटकला की टोक सुईसारखं होतं आणि पोटात पाणी राहतं म्हणून रेषा तुटत नाही. शिवाय एका कंपनीचा ट्रिपल झिरो दुसऱ्या कंपनीच्या झिरोएवढा असू शकतो, नंबरवर जाऊ नका, टोक बघून घ्या. हे सगळं सरांना माहीत आहे तरी किटमध्ये तो ब्रश का देतात हे मी विचारलं तर म्हणाले, वाईट ब्रशनं शिकलात की चांगल्याची किंमत कळते. हे काय मला पटलं नाही. ३५० रुपयांत किंमत कळवण्यापेक्षा ५०० घ्या आणि बरा ब्रश द्या की. आण्णांनी मुंगसाच्या केसांचा ब्रश कुठं मिळेल विचारलं, तर सर एकदम गरम झाले, ते बेकायदेशीर आहे, माझ्या माडीवर तो विषय काढायचा नाही. जुने लोक खारीच्या शेपटीचे केस बांधून ब्रश करायचे, पण तो जमाना वेगळा.

दुपारी एकला संपायचं ते दीडला संपलं. मधे चहा आणि भडंग, भडंग उत्तम, पण तेलकट बोटांनी कार्डाला हात लावला की तिथं रंग धरत नाही, मग हात धुवायला खाली जायचं, परत वर. माडीवर एकच ट्यूबलाइट आहे आणि खिडकी पश्चिमेला, सकाळी उजेड नीट येत नाही. छोट्या कामाच्या क्लासला उजेड नाही म्हणजे जेवणाच्या पंगतीत मीठ नाही. सरांनी हे मनावर घ्यावं. मी घरी म्हणून ऑनलाइन एक भिंगाचा लॅम्प मागवला तो फुटलेला आला, परत पाठवायला आठ दिवस गेले, तो विषय नको.

पहिल्या रविवारी जाताना कागद तयार करायला बसवलं, आणि मला तर हाच भाग सगळ्यात आवडला. मिनिएचरवाले, म्हणजे जुन्या पद्धतीची लघुचित्रं काढणारे, ज्यावर काढतात त्या कागदाला वसली म्हणतात, म्हणजे पातळ कागदाचे तीन चार थर खळीनं एकावर एक चिकटवायचे आणि दाबून वाळवायचे. मैद्याची खळ सरांच्या मिसेसनी शिजवून आणली आणि त्यात सरांनी निळी चिमूट टाकली. मी ओळखलीच. मोरचूद! माझ्या नंदेची तासगावला द्राक्षबाग आहे, तिथं बोर्डोला मोरचूद आणि चुना कालवतात ते लहान पोरालापण माहीत, मी म्हणलं सर हे तर फवारणीचं. सर म्हणाले, तिथं बुरशीला, इथं कसरीला, कागदाला कीड लागू नये म्हणून शेकडो वर्षांपासून घालतात. द्राक्षाच्या घडावरची आणि राजाराणीच्या चित्राखालची ती एकच निळी पूड, हे डोक्यातनं जाईना. घरी जाऊन नंदेला फोन केला, ती म्हणाली, बरं मग.

दुसऱ्या रविवारी ती वाळलेली वसली पालथी ठेवून घोटायची. सरांकडं एक अकीकाचा दगड आहे, आम्हाला जाड काचेच्या गोट्या दिल्या. घोटून घोटून कागद गुळगुळीत होतो, बोट फिरवलं तर अंड्याच्या टरफलासारखा लागतो, आणि मग त्यावर ब्रश अडकत नाही, घसरत जातो. माझ्या त्याच १७ रेषावाल्या हातानं घोटलेल्या कागदावर ३१ रेषा आल्या. हाताची सुधारणा किती आणि कागदाची किती ते सोडा, मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

मग कार्डं कापली, अडीच बाय साडेतीन इंच, बरोबर पत्त्याएवढी. हे माप सरांनी असंच नाही घेतलं, १९९७ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला स्टिर्नमान नावाच्या कलाकारानं या मापाची हातानं काढलेली कार्डं एकमेकांत बदलायची पद्धत सुरू केली, आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, आणि नियम एकच की विकायची नाहीत, द्यायची आणि घ्यायची. कॅशियरच्या कानाला हे जरा विचित्रच वाटलं. अर्थात आपल्याकडं चित्राचे पत्ते काय नवीन नाहीत, सावंतवाडीची गंजिफा बघा, दशावताराचे १० रंग, प्रत्येकाचे १२ म्हणजे १२० गोल पत्ते, प्रत्येक हातानं रंगवलेला. ते पण सर्व तळहातावरचंच काम.

आता मुद्द्याचं. कार्ड समोर ठेवलं आणि मी काय काढायला घेतलं असेल? अर्थातच घाट. अख्खा. देवळं, पायऱ्या, होड्या. अर्ध्या तासात ते कार्ड म्हणजे सांडलेली मिसळ झाली होती. सर आले, बघितलं, काही बोलले नाहीत, नुसतं कोरं कार्ड ठेवून गेले. मला राग आला खरं तर. मग बराच वेळ बसून राहिले आणि डोळ्यापुढं आलं ते एवढंच की दगडी पायरीवर कुणीतरी चपला काढून ठेवल्यात आणि माणूस खाली पाण्याकडं गेलाय. तेच काढलं. पायरीची एक कड, दोन चपला, थोडी सावली. चपलेचा पट्टा म्हणजे ब्रशचे तीन फटकारे, त्याहून जास्त जागाच नव्हती. दगड दिसावा म्हणून राखाडी रंगाचे बारीक बारीक ठिपके देत गेले, त्याला परदाज म्हणतात, असे किती दिले असतील देव जाणे, चहा आला गेला मला कळलं नाही. भिंगातून बघितलं तर नुसते डाग. भिंग काढून हातभर लांब धरलं तर चपला. सर म्हणतात काम भिंगातून करायचं, निकाल उघड्या डोळ्यांनी द्यायचा. मग त्यांनी विचारलं, "घाट कुठाय?" मी म्हणलं पायरी आहे की. "मग झाला घाट," म्हणाले आणि पुढं गेले.

चार वर्षं आभाळावर अडकलेली बाई मी, आणि पावणेदोन तासांत एक चित्र पूर्ण, सही करून मोकळी. त्या दोन बाय तीन फुटात काय काय घालायचं याचीच मला धास्ती होती, इथं काय काय गाळायचं तेवढंच ठरवायचं आणि गाळायला तर पर्यायच नाही, जागाच नाही. चुकलं तर कार्ड फेकायचं, दोन इंचच गेले. आणि हे कुकर लावून तीन शिट्ट्या होईपर्यंत सुद्धा थोडं पुढं सरकतं, रंगाचा एक थेंब, वाटीभर पाणी, बास. पण कुणी म्हणालं छोटं म्हणजे सोपं, तर त्याला त्या चौकोनात ५० रेषा मारायला बसवा.

अजून एक गोष्ट आहे, ती सरांना नाही सांगितली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही कर्नाळ रोडला भाड्यानं राहायचो. निघताना कागदपत्रं, सोनं, सासऱ्यांच्या गोळ्या एवढंच पिशवीत घेतलं. माझी शाळेपासूनची चित्रं गुंडाळून माळ्यावर होती, होडीत बसताना एवढा गुंडाळा कोण घेतंय. परत आलो तेव्हा तो गाळाचा लगदा होता. आता माझी कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, आत्तापर्यंत २३ झालीत. डबा पिशवीत बसतो, बघून ठेवलंय.

रंगाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. मी हौसेनं घरची हळद नेली होती, म्हणलं सांगलीचं चित्र आणि सांगलीची हळद. पिवळा काय सुंदर आला. सर म्हणाले खिडकीत ठेवून बघा. ठेवलं, पंधरा दिवसांत पिवळ्याचा मळकट झाला, हळदीला ऊन सोसत नाही. आणि शेंदूर. मिनिएचर हा शब्द लहान या अर्थाच्या शब्दावरून आलाय असं मला वाटत होतं, सर म्हणाले नाही, लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर, जुन्या हस्तलिखितांत अक्षरं रंगवायला वापरायचे, त्यावरून चित्राला तो शब्द आला आणि चित्रं छोटी असायची म्हणून पुढं शब्दाचाच अर्थ छोटं असा झाला. म्हणजे आपल्या पारावरचा मारुती आणि तो इंग्रजी शब्द एकाच डबीतले. पण खरा शेंदूर शिशाचा असतो, आणि ब्रशचं टोक ओठांनी करायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागलेली, त्यामुळं क्लासमध्ये शेंदूर बंद, साधा पोस्टरचा शेंदरी वापरायचा. चपलेच्या पट्ट्याला मी तोच दिलाय.

क्लासनंतरच्या शनिवारी आम्ही घरचे सगळे औंधला गेलो. यमाईला जायचंच होतं, डोंगरावरच श्री भवानी म्युझियम आहे, १९३८ चं, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभं केलेलं, ते स्वतः चित्रकार होते. आधी दोनदा गेलेय, तेव्हा मोठमोठी पेंटिंग्ज बघून आणि मुलांना आवरून परत आलेले. यावेळी मिनिएचरच्या काचेपुढं एवढी वाकून उभी राहिले की नवरा म्हणाला आत शिरतेस काय. झाडाचं एक एक पान वेगळं. मी पानं मोजायला लागले, मुलं आइस्क्रीमला बाहेर गेली.

तर रिव्ह्यू म्हणून विचाराल तर ५ पैकी ४. एक स्टार ब्रश आणि ट्यूबलाइट मिळून कापलाय. चाळिशी लागली असेल तर चष्मा नवीन नंबरचा करून जा, स्वतःचा ब्रश न्या, मान दुखते तेव्हा दर अर्ध्या तासानं उठून खिडकीतून लांब बघा, हे सर सांगतात पण स्वतः करत नाहीत. लहान मुलं नेली तर चालतात, तो पोरगा आमच्यातल्या अर्ध्यांपेक्षा बरा काढत होता. ज्यांना भिंतीवर लावायला काहीतरी भव्य हवंय त्यांनी जाऊ नका, उगाच हिरमुसाल.

शेवटच्या अर्ध्या तासात कार्डांची अदलाबदल झाली. डॉक्टरबाईंनी काढलेली अक्कलदाढ मला मिळाली, मुळांसकट, मागं डोंगरावर सूर्य उगवावा तसा गुलाबी उजेड, इतकी देखणी दाढ मी पाहिलेली नाही, ती फ्रिजवर लावलीय. माझ्या चपला आण्णांनी मागून घेतल्या. देताना जीव जरा वर खाली झाला, पहिलंच पूर्ण झालेलं चित्र, पण नियम म्हणजे नियम. परवा मंगळसूत्राची कडी तुटली म्हणून सराफ कट्ट्यावर गेले तर आण्णांचा फोन वाजला, त्यांनी उचलून कानाला लावला, आणि पारदर्शक कव्हरच्या आत, माझ्याकडं तोंड करून, माझ्या चपला.